दामरोहच्या डोंगरातले आठ जण

पहिला दिवस : मोहनबाडी, चाबुआ

डिब्रुगडचा विमानतळ मोहनबाडीला आहे. सामानाच्या पट्ट्यापाशी उभं असताना दादा म्हणाला, "ही धावपट्टी त्यांनीच वापरलेली. आपण आत्ता उतरलो, तिथेच ते उतरत होते." दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून उभी हयात काढलेला, त्यातली काही वर्षं इथून जवळच्या चाबुआत. ही सहल त्याच्याच डोक्यातून निघालेली, अरुणाचलातल्या दामरोह गावामागच्या डोंगरात युद्धकाळात पडलेल्या एका विमानासाठी. वहिनी आणि मी सोबत निघालो ते अरुणाचल बघायला, आणि थोडं त्याच्यावर लक्ष ठेवायलाही.

'ते' म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन. १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि लाशिओहून चीनला जाणारा रस्ता बंद झाला. आत अडकलेल्या चिनी सैन्याला आणि तिथल्या अमेरिकन विमानदलाला पेट्रोल, बॉम्ब, औषधं पोचवायची तर आता एकच वाट उरली : आसामातून उडायचं, हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगा ओलांडायच्या आणि युन्नानमध्ये कुनमिंगला उतरायचं. ही वाट म्हणजे 'हंप'. युद्ध संपेपर्यंत या वाटेनं साडेसहा लाख टनांच्या आसपास माल गेला, आणि तो नेता-आणताना सहाशेच्या आसपास विमानं पडली. एवढी विमानं पडली की स्वच्छ हवेत खाली चकाकणाऱ्या पत्र्यांवरूनच वैमानिक मार्ग ओळखत, असं म्हणत.

दुपारी चाबुआला जाऊन आलो. तळ आता आपल्या हवाई दलाचा, त्यामुळे आत जायचा प्रश्नच नव्हता. दादा फाटकापासून बऱ्याच अंतरावर गाडी थांबवून नुसता बघत बसला. दोन्ही बाजूंना चहाचे मळे. युद्धकाळात याच मळ्यांमधले मजूर विमानतळांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर पाठवले गेले. दगड फोडणं, खडी डोक्यावरून वाहणं, पसरणं, सगळं हातांनी. हंपचा इतिहास सांगताना विमानांचे आकडे सगळे देतात, या माणसांचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीत उरकतात. मीही आत्ता तेच केलं, कारण त्यांची नावं कुठे लिहून ठेवलेली मला मिळालीच नाहीत.

दुसरा दिवस : बोगीबील ओलांडून पासीघाट

सकाळी लवकर निघालो. बोगीबीलचा पूल जवळजवळ पाच किलोमीटर लांब, वर रस्ता आणि खाली रेल्वे. २०१८ च्या नाताळला तो सुरू झाला. त्याआधी इथे ब्रह्मपुत्रा ओलांडायची म्हणजे फेरीबोटीतून, गाडीसकट. पलीकडे सिलापथार, जोनाई, मग रुक्सिनचं नाकं. अरुणाचलात जायला आपल्यालाही इनर लाइन परमिट लागतं. आम्ही ते घरूनच ऑनलाइन काढलं होतं. नाक्यावरच्या पोलिसानं कागद बघितला, दादाची मिशी बघितली आणि विचारलं, "फौजी?" त्यानंतर आमच्या बॅगांना कुणी हात लावला नाही.

पासीघाट १९११ मध्ये वसलेलं, अरुणाचलातलं सर्वांत जुनं शहर म्हणून सांगतात. इथे सियांग डोंगरांतून सुटते आणि एकदम रुंद होते. तिबेटात हिचं नाव त्सांगपो, इथे सियांग, आणि खाली लोहित-दिबांग येऊन मिळाल्या की ब्रह्मपुत्रा. पाणी असं हिरवं की वहिनी म्हणाल्या, फोटो काढला तर रंग वाढवलाय म्हणतील.

पण आम्ही आलो होतो ते इथल्या हंप संग्रहालयासाठी. २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे राजदूत एरिक गार्सेटी यांच्या उपस्थितीत ते सुरू झालं. अरुणाचलच्या जंगलांतून गोळा केलेले विमानांचे अवशेष इथे ठेवले आहेत : सांगाड्याचे तुकडे, ऑक्सिजनच्या टाक्या, मशीनगन. काचेआड ठेवलेल्या वस्तू बघून मला फारसं काही होत नाही, हे आधीच सांगते. दादाचं उलट. एका चेपलेल्या पत्र्यासमोर तो पंधरा मिनिटं उभा होता. रिव्हेट मोजत होता की काय कोण जाणे. मग त्यानं ऑक्सिजनच्या टाकीकडे बोट दाखवलं. "ही संपली की माणूस आधी आनंदी होतो," तो म्हणाला. "गाणी म्हणतो, विनोद करतो. मग चुका करतो. त्या विमानांत केबिनमध्ये हवेचा दाब नव्हता. पंधरा-वीस हजार फुटांवर मुखवटा लावूनच बसायचं, थंडी शून्याच्या खाली."

संध्याकाळी नदीकाठी चहा घेताना त्यानं आम्हाला आमच्या विमानाची गोष्ट सांगितली. घरून निघताना ती तुकड्या-तुकड्यांत ऐकली होती, सलग आत्ताच.

विमान बी-२४ लिबरेटर. चार इंजिनांचं जड बॉम्बर, पंखांची लांबी ११० फूट. ही विमानं युद्धात अठरा हजारांहून जास्त बनली. दुसरं कुठलंही जड बॉम्बर इतक्या संख्येनं बनलं नाही. या विमानाला त्याच्या माणसांनी नाव दिलं होतं 'हॉट ॲज हेल'. ते चौदाव्या एअर फोर्सच्या ३०८ व्या बॉम्बर्डमेंट ग्रुपचं, त्यातल्या ४२५ व्या स्क्वाड्रनचं. या ग्रुपची एक वेगळीच अडचण होती. तो चीनमध्ये होता, पण चीनमध्ये त्याला द्यायला पेट्रोल नव्हतं. मग बॉम्बरनीच भारतात यायचं, आपलं पेट्रोल, आपले बॉम्ब भरून घ्यायचे, हंपवरून परत न्यायचे, आणि असा साठा पुरेसा झाला की एकदा जपान्यांवर हल्ला करायचा. एका हल्ल्यासाठी मालवाहतुकीच्या कित्येक फेऱ्या.

२५ जानेवारी १९४४ ला 'हॉट ॲज हेल' कुनमिंगहून चाबुआकडे निघालं ते असल्याच फेरीवर, माल आणायला. आत आठ जण. विल्यम स्वॅन्सन वैमानिक, शेल्डन चेंबर्स सहवैमानिक, अर्विन झेट्झ नेव्हिगेटर, रॉबर्ट ऑक्सफर्ड बॉम्बार्डियर, चार्ल्स जिन इंजिनिअर, हॅरी क्वीन रेडिओवर, आल्फ्रेड गेरन्स आणि जेम्स हिन्सन गनर. जॉर्जिया राज्यातल्या कॉनकॉर्ड नावाच्या छोट्या गावचा ऑक्सफर्ड २४ वर्षांचा होता. त्याचं काम बॉम्ब नेमके टाकायचं, आणि त्या दिवशी टाकायला काही नव्हतं.

त्या दिवशी चाबुआकडे हवा फार वाईट होती. हंपवर त्याच दिवशी आणखीही बी-२४ गमावली गेली. 'हॉट ॲज हेल' आलंच नाही. नेमकं कुठे शोधायचं हे माहीत नसल्यामुळे शोधही घेतला गेला नाही. आठ जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले.

वहिनींनी विचारलं, "पण मग दामरोहला कसं सापडलं?" दादा म्हणाला, "दामरोहच्या लोकांना विचारू."

तिसरा दिवस : यामनेच्या खोऱ्यात

या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं मुख्यतः एकच : रस्ता. नकाशावर जे अंतर दोन तासांचं वाटतं त्याला दिवस गेला. सियांगच्या काठानं वर, दरड पडलेल्या ठिकाणी जेसीबीची वाट बघत, मग मुख्य खोरं सोडून यामने नदीच्या खोऱ्यात. यामने सियांगची उपनदी. डोंगर इतके उभे की झूमची, म्हणजे जंगल जाळून केलेली फिरती शेतं भिंतीला टांगल्यासारखी दिसतात. आमचा चालक पासीघाटचा, आदी जमातीचा. वळणावळणावर तो गाडीत सुपारी चघळत हिंदी गाणी लावत होता, आणि दादा मागच्या सीटवर नकाशा उघडून बसला होता.

मध्येच त्यानं मला नकाशा दाखवला. चाबुआवर बोट ठेवलं आणि सरळ उत्तरेला सरकवत दामरोहवर आणलं. "शंभर किलोमीटरच्या आसपास," तो म्हणाला. "कुनमिंग कुठे आहे बघ. खाली, आग्नेयेला. तिथून चाबुआला येणारं विमान इथे यायलाच नको होतं."

मग पुढचा तासभर आम्हाला नेव्हिगेशनचा तास. तेव्हा नेव्हिगेटर वेग, वेळ आणि दिशा यांचं गणित मांडून आपण कुठे आहोत हे ठरवायचा. जमीन दिसत असेल तर खुणा बघून गणित दुरुस्त करायचं. ढग असतील तर रेडिओच्या बीकनवर भरवसा, आणि वादळात रेडिओची सुई सैरभैर. मुख्य घोळ वाऱ्याचा. हिवाळ्यात या उंचीवर पश्चिमेकडून ताशी दीडशे किलोमीटरहून जोरात वारा वाहू शकतो. वाऱ्याचा अंदाज ताशी नुसता चाळीस किलोमीटरने चुकला, तर अडीच तासांच्या उड्डाणात शंभर किलोमीटरची चूक होते. "आणि पंखावर बर्फ धरलं तर बी-२४ ला फार त्रास," तो म्हणाला. "पंख लांब आणि अरुंद. थोडंसं बर्फ बसलं तरी उचल कमी."

"म्हणजे झेट्झची चूक?" मी विचारलं.

दादा एकदम तुटकपणे म्हणाला, "ढगात कुणाची चूक ते ढगाबाहेर बसून ठरवायचं नसतं." नंतर बराच वेळ तो बोललाच नाही.

दामरोहला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि अंधार पडत होता. पूर्वेकडे नोव्हेंबर संपताना सूर्य असाच लवकर मावळतो. आमची सोय एका घरी झाली होती. घर खांबांवर उचललेलं, बांबूच्या तट्ट्यांचं, मधोमध चूल आणि चुलीवर टांगलेल्या फळीवर मांस वाळत घातलेलं. घरमालकीणबाईंनी अपोंग दिली. तांदळाची घरी केलेली दारू, काळसर रंगाची, जराशी आंबट. वहिनी शाकाहारी, शिवाय दारूला न शिवणाऱ्या. त्यांनी लाईची उकडलेली पालेभाजी आणि भात घेतला, वर आम्ही नेलेली शेंगदाण्याची चटणी. मालकीणबाईंनी चटणी चाखली आणि डबाच मागून घेतला. पुढचे जेवणाचे प्रश्न तिथेच सुटले.

चौथा दिवस : दामरोह

सकाळी गावबुढा भेटायला आले, लाल कोट घालून. हा लाल कोट इंग्रजांच्या काळापासूनचा. गावबुढा म्हणजे साधारण आपल्याकडचे पोलीसपाटील, पण मान कितीतरी जास्त. दादानं वाकून नमस्कार केला, त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि हिंदीत म्हणाले, "विमान बघायला आलात ना? जाता नाही यायचं."

ते आम्हाला ठाऊक होतं. अवशेष नऊ हजार फुटांच्या वर आहेत. तिथवर रस्ता सोडा, धड पायवाटही नाही. कित्येक दिवसांची चढाई, ओढे ओलांडायचे, निसरड्या कड्यांवर दोर लावायचे. आमच्या वयाला ते झेपणारं नव्हतं, आणि नुसतं बघायला म्हणून तिथे जाणं मला तरी प्रशस्त वाटत नव्हतं. तिथे आजही माणसं आहेत.

गावबुढ्यांनी एका गृहस्थांना बोलावून घेतलं. पन्नाशीचे, सडसडीत, कमरेला दाव, म्हणजे लांब कोयता. ते आम्हाला गावाच्या वर, संत्र्यांच्या बागांच्या पलीकडे एका सोंडेपर्यंत घेऊन गेले. दोन तासांची चढण. तिथून मागच्या रांगा दिसतात, एकामागे एक, आणि सर्वांत मागची बहुतेक वेळ ढगात. त्यांनी हात केला तिकडे. काही दिसत नव्हतंच. दादा दुर्बीण लावून बसला.

त्या गृहस्थांनी सांगितलेलं ते असं. इथे जंगल कुणाचंच नाही असं नसतं. कुठल्या कुळानं कुठे शिकार करायची, कुठे सापळे लावायचे, हे बापजाद्यांपासून ठरलेलं. त्यामुळे त्या बाजूला जाणाऱ्या शिकाऱ्यांना विमान माहीत होतंच. पत्रा पडलाय, मोठाली चाकं आहेत, तारा आहेत. ॲल्युमिनियम हलकं आणि न गंजणारं, त्यामुळे या सगळ्या डोंगरांत पडलेल्या विमानांच्या पत्र्याची भांडी झाली, हत्यारांच्या मुठी झाल्या. "आम्हाला कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. चहात साखर हवी का असं विचारावं तसं म्हणाले.

इतकी वर्षं वॉशिंग्टनच्या कागदांत जे विमान नाहीसं झालेलं होतं, ते या गावात कुणाच्या लेखी नाहीसं नव्हतंच. विचारायला आला तो ॲरिझोनाचा क्लेटन कुल्स. हा हौशी गिर्यारोहक. हंपवर पडलेली विमानं शोधायचं वेड त्यानं स्वतःच्या खर्चानं घेतलं आणि अशी वीसहून जास्त ठिकाणं शोधून काढली. २००६ मध्ये स्थानिक वाटाड्यांना घेऊन तो इथे पोचला. सापडलेल्या भागांवरच्या क्रमांकांवरून विमानाची ओळख पटली. त्यानं माहिती अमेरिकन सरकारला दिली आणि आठ कुटुंबांना बासष्ट वर्षांनी कळलं की आपला माणूस भारतात आहे.

पुढचं मात्र लवकर झालं नाही. अमेरिकेचं पथक येऊन पाहणी करून गेलं, पण उत्खननाचं काम वर्षानुवर्षं रखडलं. पावसाळा इथे लांबलचक, हवामान बेभरवशाचं, ही कारणं खरीच. पण अरुणाचलावर चीन दावा सांगतो, त्यामुळे परदेशी पथकाला परवानगी देताना दिल्ली बिचकते, असं कुटुंबीय उघड म्हणत होते. झेट्झच्या पुतण्यानं तर यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मला दोन्ही बाजू कळतात आणि तरी राग येतो. सरकारांना सीमा दिसते, आणि ती दिसायलाच हवी. पण हाडांना कुठलं राष्ट्रीयत्व? वहिनींना हे वाक्य आवडलं नाही. "त्यांच्या घरच्यांना असतंच की," त्या म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं.

अखेर २०१५ च्या पावसाळ्यानंतर पथक आलं. वरची माती खणायची, चाळायची, हाडाचा तुकडा, बटण, दात, जे मिळेल ते वेगळं काढायचं. सामान वाहायला, वाट काढायला गावातली माणसं. मिळालेले अवशेष २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीतून लष्करी मानवंदनेसह अमेरिकेला गेले. तेव्हा त्यांचे संरक्षणमंत्री ॲश्टन कार्टर भारतात होते, ते समारंभाला हजर राहिले. डीएनए जुळला तो एकाचा : रॉबर्ट ऑक्सफर्ड. २०१७ च्या जूनमध्ये कॉनकॉर्डला, त्याच्या गावी, त्याला पुरलं. मनिलाच्या अमेरिकन दफनभूमीत बेपत्ता लोकांच्या भिंतीवर त्याचंही नाव आहे. माणूस सापडला की त्या नावापाशी एक छोटं काशाचं फूल बसवतात.

आठांतला एक गेला. सात त्या मागच्या रांगेत आहेत.

उतरताना त्या गृहस्थांनी मला विचारलं, तुमच्याकडे माणूस असा डोंगरात राहिला तर काय करतात? मी म्हटलं, दर्भाचा पुतळा करून त्याचे अंत्यसंस्कार करतात, म्हणजे घरच्यांना पुढचे दिवस करता येतात. त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडे काय करतात हे मी विचारलं, पण ते उत्तर त्यांनी गावबुढ्यांवर सोपवलं, आणि गावबुढ्यांनी हसून अपोंगवर नेलं. सांगायचं नसेल तर नसेल.

पाचवा दिवस : परत

परतीच्या वाटेवर दादा चालकाशेजारी बसला आणि विषय निघाला तो आपल्याच विमानाचा. ३ जून २०१९ ला हवाई दलाचं एएन-३२ जोरहाटहून मेचुकाला निघालं, आत तेरा जण, आणि याच सियांगच्या डोंगरांत हरवलं. चालक म्हणाला, त्या आठवड्यात हेलिकॉप्टर दिसलं नाही असा दिवस नव्हता. हेलिकॉप्टरं, विमानं, उपग्रहाची छायाचित्रं, शिवाय जंगलातून चालत शोधणारी स्थानिक माणसं. अवशेष दिसायला आठवा दिवस उजाडला. तेरांतलं कुणीही वाचलं नव्हतं. मृतदेह खाली आणायला आणखी आठवडा लागला.

दादा म्हणाला, "पंचाहत्तर वर्षांत सगळं बदललं. फक्त ढग आणि दरी तीच." मग थोड्या वेळानं, "आणि रोहतांगचं आठवतं का?" १९६८ च्या फेब्रुवारीत लेहला निघालेलं आणि खराब हवेमुळे वाटेतून परत फिरलेलं हवाई दलाचं एएन-१२, १०२ जण. अवशेष प्रथम दिसले २००३ मध्ये. २०२४ मध्ये बर्फातून चार मृतदेह निघाले. दादा नोकरीला लागला तेव्हापासून त्या विमानाची गोष्ट ऐकत आलेला. अमेरिकेत या कामाला एक वेगळी संस्था आहे आणि तिच्या याद्या कुणालाही बघता येतात. आपल्याकडे लष्कराच्या डोग्रा स्काउट्सची माणसं जीव धोक्यात घालून बर्फात उतरतात, पण बेपत्तांची अशी एकत्रित यादी मला तरी कुठे बघायला मिळाली नाही. यावर दादाचं आणि माझं भांडण झालं ते बोगीबीलच्या पुलापर्यंत पुरलं. त्याचं म्हणणं, घर चालवणाऱ्याला विचार पैसे कुठून आणायचे. माझं म्हणणं, यादी करायला किती पैसे लागतात?

जाणार असाल तर : ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा, पावसाळ्यात दरडी आणि जळवा. परमिट आधी काढा आणि छापील प्रती जवळ ठेवा. दामरोहला हॉटेल नाही, राहायची सोय पासीघाटहून कुणाच्या ओळखीनं करून जा. वरच्या अवशेषांकडे जायचा विचार गावाला विचारल्याशिवाय करू नका, आणि कुणी पत्र्याचा तुकडा विकायला काढला तर घेऊ नका. रोख पैसे पासीघाटलाच काढून ठेवा. आणि शाकाहारी असाल तर शेंगदाण्याची चटणी दोन डबे न्या, एक द्यायला.